पाण्यावरच्या आज्याचं पान

सर्वपित्री अमावास्येची सकाळ. सोप्यात आजी पानं मांडते आहे. वडे, खीर, गवारीची भाजी, कढी. घरातल्या गेलेल्या माणसांची पानं वाढून झाली की ती एक पान कडेला, जरा लांब मांडते. लहानपणी आम्ही विचारायचो, हे कुणाचं? तिचं उत्तर ठरलेलं.

"ह्ये पाण्यावरच्या आज्याचं. गेला त्यो गेलाच. तिथी ठावं न्हाई, म्हणून आजच्या दिशी."

कुठल्या पाण्यावर गेला, का गेला, हे तिला तिच्या सासूनंही सांगितलं नव्हतं. सासूनं फक्त पान मांडायला शिकवलं.

आमचं गाव येरळेच्या काठाला, विट्याच्या बाजूचं. येरळा म्हणजे वर्षातले आठ महिने वाळूच. तीन वर्षांपूर्वी या गावात एक पाहुणी आली. मॉरिशसची. वय साठीच्या आसपास, कपाळाला कुंकू, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले कागद. मराठी बोलायची, पण शाळेत शिकलेली, पुस्तकातली. "माझे पूर्वज या ग्रामातून गेले आहेत," असं ती पारावर म्हणाली, तेव्हा बसलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

खरं तर ती आधी चार दिवस सातारा जिल्ह्यात फिरून आली होती. तिच्या कागदावर जिल्हा सातारा लिहिलेला होता आणि त्या नावाचं गाव तिथे कुणाला माहीत नव्हतं. असं अनेकांचं होत असणार, म्हणून हे नीट सांगतो. तो कागद लिहिला गेला तेव्हा आमचा खानापूर तालुका साताऱ्यातच होता. 1848 मध्ये छत्रपती शहाजी महाराज वारले, इंग्रजांनी दत्तक नाकारून साताऱ्याचं राज्य खालसा केलं आणि त्याचा जिल्हा झाला. पुढे 1949 मध्ये दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली झालं. त्यामुळे विटा, तासगाव, वाळव्याकडचा माणूस मॉरिशसच्या नोंदवहीत शोधायचा असेल, तर सांगली शोधून उपयोग नाही. सांगली तेव्हा पटवर्धनांच्या संस्थानाचं गाव. सातारा शोधा.

आता तो कागद बघा. मॉरिशसच्या इमिग्रेशन खात्याच्या नोंदवहीचा हा उतारा. मूळ वह्या आज तिथल्या मोका गावी, महात्मा गांधी संस्थेत आहेत. एका माणसाला एक ओळ. आधी क्रमांक. मग नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, गाव, जिल्हा, जहाज, उतरल्याची तारीख, आणि कुठल्या ऊसमळ्यावर पाठवला ते. या ओळीत खूण लिहिली आहे, "कपाळावर व्रण". आडनावाला रकानाच नाही.

हे सगळं सुरू झालं ते साखरेपायी. मॉरिशसमध्ये 1835 साली गुलामगिरी बंद झाली आणि ऊस तोडायला हात हवे होते. त्याच्या थोडं आधी, 2 नोव्हेंबर 1834 ला, 'अ‍ॅटलस' नावाचं जहाज कलकत्त्याहून 36 मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये. त्या अ‍ॅग्रीमेंटचं लोकांच्या तोंडी गिरमिट झालं. मजुरांचे हाल इतके झाले की मधे ही वाहतूक थांबवावी लागली. 1842 मध्ये ती पुन्हा उघडली, तेव्हा कलकत्ता आणि मद्रासबरोबर मुंबई बंदरही उघडलं. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरीकडचे खूप, पण घाटावरचेही होते. तेव्हा रेल्वे नव्हती. आमच्याकडच्या माणसाची वाट म्हणजे कऱ्हाड, कुंभार्ली घाट, चिपळूण आणि तिथून गलबतानं मुंबई. मीठ-मिरचीच्या बैलांमागं चालत जाणाऱ्या एखाद्याला पुढचं पाणी किती मोठं आहे, हे कुणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

पोर्ट लुईच्या धक्क्यावर सोळा दगडी पायऱ्या आहेत. त्या चढून आत गेलं की आगमनाची नोंद, तपासणी, दोन दिवस मुक्काम आणि मग मळा. ती जागा आज आप्रवासी घाट म्हणून ओळखली जाते. 2006 मध्ये युनेस्कोनं तिला जागतिक वारसा ठरवलं. साडेचार लाखांच्या आसपास माणसं या देशातून त्या बेटावर उतरली.

पाहुणीनं शोध उलट्या बाजूनं केला होता, आणि तोच बरोबर रस्ता आहे. आधी आपल्या आजीचा जन्मदाखला. त्यावरून पणजोबांचा लग्नाचा दाखला. एका दाखल्यावरून दुसऱ्यावर असं मागं मागं जाता एका कागदावर बापाच्या नावापुढं इमिग्रेशनचा क्रमांक सापडला. तो क्रमांक मिळाला की वही उघडते आणि वहीतून जहाज कळतं. नावावरून शोधलं असतं तर ती हरवलीच असती, कारण कारकुनानं कानाला जसं पडलं तसं लिहिलेलं. खंडू, जोती, सिदू, म्हसू ही नावं साहेबाच्या लिपीत काय होतील, विचार करा. मात्र याच नावांत एक खूणही आहे. जोती म्हटलं की जोतिबा, खंडू म्हटलं की पाली-जेजुरी, सिदू म्हटलं की म्हसवड-खरसुंडीचा सिद्धनाथ. आडनाव पुसलं गेलं, तरी कुलदैवत नावात बसून राहिलं.

तो क्रमांक तिला तोंडपाठ आहे. आपल्याकडे गोत्र सांगतात तसा ती तो सांगते.

पिशवीत अजून एक कागद होता. 1867 च्या कायद्यानं जुन्या मजुरांना फोटो लावलेला पास जवळ बाळगावा लागायचा. नसला तर पोलीस धरायचे. त्या सक्तीमुळे आज हा चेहरा समोर आहे. छातीपर्यंतचा फोटो, पांढरी दाढी, नजर थेट कॅमेऱ्यात. आजीनं तो खिडकीपाशी नेला, चष्मा पुसला, बराच वेळ बघितला. मग म्हणाली, "कानाची पाळी बघ की. तुझ्या आज्याची अशीच हुती."

कानावरून वंश ठरत नाही, हे मला कळतं. गाव जुळत होतं, बापाचं नाव जुळतंय का हे आमच्यात कुणाला माहीत नव्हतं. म्हणून हेळव्याची वाट बघायचं ठरलं.

सांगली, कोल्हापूर, कऱ्हाडच्या लोकांना हेळवी सांगायला नको. कर्नाटकाच्या बाजूनं, सुगीनंतर, बैल घेऊन येतात. दारात उभं राहून घराण्याची पिढ्यान् पिढ्यांची नावं म्हणतात, नवीन जन्मलेल्यांची नावं वहीत घालतात आणि आपलं धान्य घेऊन जातात. माझ्या पिढीत त्यांना "पुढच्या वर्षी या" म्हणून वाटेला लावणारी घरं झाली. आमचंही एक होतं. याची मला लाज वाटते.

पाहुणी परत गेली आणि दुसऱ्या सुगीला मुद्दाम आली. हेळवी ओट्यावर बसला. वही उघडून एका सुरात म्हणू लागला, आणि वरून पाचव्या-सहाव्या पिढीला आला तसं पाहुणीनं कागदावर बोट ठेवलं. बापाचं नाव तेच. त्याला दोन मुलगे. धाकट्यापासून आमचं घर. थोरल्याचं नाव घेतलं आणि हेळव्यानं पुढं एकच शब्द वाचला.

परागंदा.

त्या शब्दाखाली वहीचं पान कोरं होतं.

सोप्यात कुणी बोलेना. आजी पदर तोंडाला लावून बसली. पाहुणीला शब्द समजला नाही. मी अर्थ सांगितला तेव्हा तिनं मान हलवली आणि पिशवीतून वंशावळ काढली. 2024 च्या मार्चमध्ये राष्ट्रपती मुर्मू मॉरिशसला गेल्या असताना सातव्या पिढीपर्यंतच्या भारतीय वंशाच्या लोकांना ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिक, कार्ड मिळेल असं जाहीर झालं, आणि त्यासाठीच तिनं हे सगळं टाईप करून ठेवलं होतं. मुलगे, सुना, नातवंडं, फ्रेंच वळणाची नावं.

हेळव्यानं विचारलं, "ताई, सावकाश सांगा. थोरला लेक कोण?"

ती सांगत गेली, तो लिहीत गेला. दोन नावं त्यानं तीन-तीनदा विचारून घेतली. पोरींची नावं घालायची रीत नाही म्हणाला. तिनं हट्ट धरला, आजीनंही धरला, तेव्हा घातली. दीड तास लागला.

मग त्यानं वही बांधली आणि आपल्या रीतीप्रमाणं दोन्ही घरांकडून पायली-पायली शाळू मागितला. आमची पायली आईनं घातली. दुसरी पाहुणीनं स्वतः मापली, आणि माप भरल्यावर वर अजून एक ओंजळ टाकली.