श्वासावर नजर : डॉ. रूपाबाई फर्दुनजी

मराठवाड्यातील एखाद्या उपजिल्हा रुग्णालयात रात्री अडलेली बाळंतीण येते, तेव्हा तिचे सिझर तिथेच होणार की तिला रुग्णवाहिकेत घालून जिल्ह्याच्या गावी किंवा अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात पुढे पाठवावे लागणार, हे पुष्कळदा भूलतज्ज्ञ हजर आहे की नाही यावर ठरते. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करणाऱ्या आणि शस्त्रक्रिया संपेपर्यंत उशाशी उभ्या राहणाऱ्या या डॉक्टरचे नाव घरच्यांना सहसा ठाऊक नसते. पेढे मिळतात ते सिझर करणाऱ्याला. या वैद्यकशाखेत अगदी आरंभी जिचे नाव येते ती स्त्री ज्या राज्यात शिकली, त्याच राज्यात तेव्हा आपला मराठवाडाही होता.

सन 1885. औरंगाबादपासून नांदेडपर्यंतचा सारा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता, आणि गोदावरीच्या खोऱ्यातून मनमाडहून हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग अजून पडायचा होता. त्या वर्षी हैदराबाद मेडिकल स्कूलचे प्रमुख आणि रेसिडेन्सीचे, म्हणजे निजामाच्या राजधानीतील ब्रिटिश प्रतिनिधीच्या कचेरीचे, सर्जन एडवर्ड लॉरी यांनी पाच स्त्रियांना प्रवेश दिला. त्यांत रूपाबाई फर्दुनजी ही पारशी तरुणी होती. पडद्यातील स्त्रिया परपुरुषाकडून तपासून घेण्यास तयार होत नसत, त्यामुळे संस्थानाला स्त्री डॉक्टरांची गरज होतीच. पण लॉरींनी या विद्यार्थिनींना केवळ सुईणपणापुरते शिकवले नाही, हे त्यांच्या पदरी टाकलेच पाहिजे. 1889 मध्ये रूपाबाईंना ‘हकीम’ ही पदवी मिळाली. नाव हकीम असले, तरी शिक्षण आधुनिक पाश्चात्त्य वैद्यकाचेच होते.

त्या काळी भूल म्हणजे क्लोरोफॉर्म. एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी 1847 मध्ये तो वापरात आणला, आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या नखाच्या किरकोळ शस्त्रक्रियेत क्लोरोफॉर्म देताच दगावली. हे औषध मारते ते हृदय थांबवून की श्वास थांबवून, हा वाद तेव्हापासून पेटला. लॉरींचे मत ठाम होते : श्वास आधी थांबतो, म्हणून भूल देणाऱ्याने नाडी चाचपत बसू नये, श्वासावरून नजर हलवू नये.

ते काम कसे चाले, हे डोळ्यांसमोर आणून पाहावे. टेबलाच्या उशाशी उभे राहून नाकातोंडावर कापडाचे शंकूसारखे आच्छादन धरायचे, त्यावर गोडसर वासाचे ते द्रव बेताने टाकायचे, आणि छाती वरखाली होते आहे का, श्वास मोकळा आहे की घरघरतो आहे, हे क्षणोक्षणी पाहत राहायचे. ना मॉनिटर, ना बोटाला लावायचा ऑक्सिजनमापक. हात जरा सैल सुटला तर रुग्ण दगावणार, आणि फार आखडला तर सुरी लागताच तो जागा होणार.

हा वाद मिटवण्यासाठी हैदराबादेत 1888 आणि 1889 मध्ये दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. दुसऱ्या वेळी सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला आपला तज्ज्ञ धाडता यावा म्हणून एक हजार पौंड दिले. ‘लॅन्सेट’चे तज्ज्ञ म्हणून लॉडर ब्रंटन आले, कुत्री, माकडे, शेळ्या अशा शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले, आणि येताना लॉरींशी सहमत नसलेल्या ब्रंटन यांनी आपले मत बदलल्याची तार लंडनला केली. आयोगांच्या या धामधुमीत क्लोरोफॉर्म देणाऱ्यांत रूपाबाई होत्या. वादावर नावे कोरली गेली ती लॉरी आणि ब्रंटन यांची. ते त्या काळाला धरूनच झाले.

पुढे 1917 पर्यंत रूपाबाई रेसिडेन्सीचे रुग्णालय, अफझलगंज रुग्णालय आणि जनाना रुग्णालय येथे भूल देत राहिल्या. जगातील पहिल्या प्रशिक्षित महिला भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. मला स्वतःला या पहिलेपणापेक्षा 1909 हे वर्ष अधिक मोलाचे वाटते. वीस वर्षे हात बसलेली ही डॉक्टर त्या वर्षी एडिंबरोला गेली आणि तिथे पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र शिकली. भूल देण्याचे स्वतंत्र शिक्षण तेव्हा जवळजवळ कुठेच नव्हते. मग ज्या वायूंशी आणि बाष्पांशी रोजचा व्यवहार, त्यांचे मूळ शास्त्र तरी नीट समजावे, हा हेतू त्यामागे होता. ज्या वयात माणसे अनुभवाच्या जोरावर इतरांना गप्प बसवतात, त्या वयात त्या बाकावर जाऊन बसल्या.

आणि शास्त्राने खरोखरच लॉरींना चूक ठरवले. 1911 मध्ये ए. जी. लेव्ही यांनी दाखवून दिले की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना हृदयाची लय अचानक बिघडून ते बंद पडू शकते, म्हणजे श्वास चालू असतानाही मृत्यू येऊ शकतो. आयोगाचा निष्कर्ष कोसळला. श्वासावर लक्ष ठेवण्याची शिस्त मात्र टिकली, कारण श्वासनलिका मोकळी ठेवणे हे आजही भूलतज्ज्ञाचे पहिले काम आहे. रूपाबाई 1920 मध्ये हैदराबादच्या चादरघाट रुग्णालयाच्या अधीक्षक म्हणून निवृत्त झाल्या. मराठवाड्याला स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय मिळाले ते 1956 मध्ये, औरंगाबादेत. तोवर इथल्या कित्येक मुलामुलींना डॉक्टर होण्यासाठी हैदराबादचीच वाट धरावी लागत होती.