पुडीतल्या गोळ्या आणि आमचा तलाठी

नमस्कार श्रोतेहो.

परसबागेत आपण जी औषधं टाकतो, त्यांच्यापासून घरच्या मुक्या जनावरांना कसं जपावं, यावर मला आज बोलायचंय. सात मिनिटं दिलीत. त्यातली चार आमच्या कुत्र्यावर जाणार, हे आधीच सांगून टाकतो.

कुत्र्याचं नाव तलाठी. जगातल्या सगळ्या तलाठ्यांची माफी मागतो, पण नाव गावानंच ठेवलं. जेवणाच्या वेळेला प्रत्येक दारात हजर, आणि काम पडलं की सज्जावर सापडायचा नाही.

तर 2022 चा पावसाळा आठवा. लातूर, बीड, उस्मानाबाद, तेव्हा आपण उस्मानाबादच म्हणायचो, या भागात सोयाबीन दोन पानांवर आलं न् आलं तोच शंखी गोगलगायींनी फस्त केलं. कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली. शेतात जागा पुरली नाही म्हणून की काय, त्या आमच्या परसातही आल्या. आमच्या हिचा गिलक्याचा वेल एका रात्रीत नुसता दोरा राहिला. आता गिलकं म्हटलं की लोक नाक मुरडतात आणि दोडक्याला उगाच डोक्यावर घेतात. गिलक्याची भजी पावसात कुणी खाल्लेली दिसत नाहीत. असो.

मुलगा तालुक्याला गेला आणि दुकानातून गोगलगायीच्या गोळ्या घेऊन आला. सुट्या. पाव किलो, कागदाच्या पुडीत. शेतात करतात तसं त्यानं गव्हाच्या कोंड्यात गुळाचं पाणी घातलं, त्यात गोळ्या कालवल्या आणि संध्याकाळी वेलाच्या बुडाशी मूठमूठ ठेवून दिलं. आता तुम्हीच विचार करा. कोंडा आणि गूळ! गोगलगायीला ते आमिष. कुत्र्याला तो शिराच की.

सकाळी शेजारच्या मावशी कंपाउंडपाशी येऊन ओरडायल्या, "गुरुजी, तुमच्या कुत्र्याच्या अंगात आलंय बघा. नाचायलंय!"

श्रावण नुकताच लागलेला, त्यात शुक्रवार. मावशींच्या हातात हळदीकुंकवाचा करंडा होता. मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय, श्रोतेहो. पण खोटं कशाला बोलू, क्षणभर मीही चप्पल काढली.

जवळ गेलो तर चारी पाय ताठ, तोंडाला फेस, आणि सगळं अंग थडथड उडत होतं. पोटावर हात ठेवला तर चुलीवरून उतरवलेला तवा. कुणी म्हणालं तूप पाजा, कुणी म्हणालं मीठपाणी घाला म्हणजे ओकेल. ताकाचा तांब्या तर माझ्याच हातात होता. तो सूनबाईनं काढून घेतला आणि डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून डॉक्टर म्हणाले, "तोंडात काहीही घालू नका. अंग ओलं करा आणि घेऊन या."

ओल्या गोणपाटात गुंडाळला, मोटारसायकलवर मुलाच्या आणि माझ्या मध्ये धरला आणि निघालो. वाटेतले खड्डे मी सांगत नाही, तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत.

दवाखान्यात डॉक्टरांचा पहिला प्रश्न, काय खाल्लं? मुलानं मोठ्या हुशारीनं खिशातून पुडी काढली. डॉक्टरांनी ती उलगडली, उलटी केली, सुलटी केली, चष्मा वर करून वाचली. म्हणाले, "दहावीचा निकाल लागलाय. मुलींनीच बाजी मारलीय. पण गोळी कोणती ते कुठं लिहिलंय?"

पुडी वर्तमानपत्राची होती! दुकान दहाशिवाय उघडत नव्हतं. तोवर डॉक्टरांनी थरथर आणि ताप बघून अंदाजानंच उपचार सुरू केले. दहा वाजता नाव कळलं, मेटाल्डिहाइड. या विषाला उतारा नाही, श्रोतेहो. झटके थांबवायचे, अंग गार करायचं, सलाईन लावायचं आणि वाट बघायची. तलाठी दोन रात्री तिथंच होता. तिसऱ्या दिवशी उठला आणि थेट कंपाउंडरच्या डब्यापाशी जाऊन बसला, तेव्हा आम्ही घरी फोन केला.

बघा, वेळ गेलाच. आता घाईनं, पण नीट ऐका.

औषध सुटं घेऊ नका. पुन्हा सांगतो, सुटं घेऊ नका. मूळ डब्यावर चौकटीत रंग असतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे कमी विषारी, खाऊ नव्हे. जनावरानं काही खाल्लं तर तो डबा सोबत न्या. कुत्रं न्यायच्या गडबडीत डबा घरी राहतो. डबा न्या.

उंदराचं औषध दोन तऱ्हेचं. काळी पूड पिठात कालवतात ते झिंक फॉस्फाइड. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की त्याचा विषारी वायू होतो, म्हणून वर भाकरी-दूध घालाल तर उलट बिघडेल. ओकलं तर दारं-खिडक्या उघडा, तो वायू आपल्यालाही सोडत नाही. दुसरी ती उंदराची वडी. ती खाल्ली तर दोन-तीन दिवस काहीच दिसत नाही, मग हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं. तिच्यावर के-1 जीवनसत्त्वाचा इलाज आहे, पण वेळेत गेलात तर. कुत्रं नाचतंय-बागडतंय म्हणून घरी बसू नका.

गोठ्याच्या कोनाड्यात फोरेट नावाचं जुनं कीटकनाशक पडलेलं असेल. त्यावर 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे, आपल्या कोनाड्याला मात्र ती अजून कळलेली नाही. मांजर असेल तर कुत्र्याच्या गोचिडांचं औषध तिला लावू नका, त्यातलं परमेथ्रीन मांजराला पचत नाही. आणि सेंद्रिय म्हणून गुलाबाला एरंडीची पेंड घालणाऱ्यांनो, त्या पेंडीत रिसिन नावाचं जहर असू शकतं आणि कुत्रं ती उकरून खातं. सेंद्रिय शब्द ऐकला की माणसं डोळे का मिटतात कोण जाणे.

मीठपाणी नाही, तूप नाही, ताक नाही. झटके येताना पाजलेलं फुप्फुसात जातं. जनावरांच्या डॉक्टरी मदतीसाठी 1962 या क्रमांकावर फोन करा. उदगीर किंवा परभणी जवळ असेल तर तिथं पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत.

गोगलगायींसाठी आमच्या परसात आता गोळ्या येत नाहीत. संध्याकाळी वाफ्यात ओलं गोणपाट अंथरतो, सकाळी त्याखाली त्या गोळा झालेल्या असतात, चिमट्यानं उचलून साबणाच्या पाण्यात टाकतो. हातानं नाही. तलाठी तेवढा वेळ परसात पाय ठेवत नाही. ओलं गोणपाट दिसलं की तो जो जातो, तो जेवणालाच उगवतो.