इंजेक्शन कुठे गळालं?

(दृश्य: स्प्रिंगचा वजनकाटा, कापडी झोळी)

आधी रिकामी झोळी अडकवायची. स्क्रू फिरवून काटा शून्यावर आणायचा. मग झोळीत बाळ आणि काटा डोळ्यांच्या रेषेत. शून्य करायचं राहिलं, की झोळीचं वजन बाळाच्या खात्यात जातं आणि अशक्त बाळ कागदावर धडधाकट होतं.

गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने असं वजन करण्यापासून नवजात बाळाच्या घरी जाऊन काळजी घेण्यापर्यंतचं काम गावातल्याच, जेमतेम शाळा शिकलेल्या बायकांना शिकवलं. त्यांना म्हणायचे आरोग्यदूत. त्याआधी १९९३ ते ९५ नुसती मोजदाद झाली. हजार जिवंत जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यातच दगावत होती. मग ३९ गावांत घरपोच नवजात काळजी सुरू झाली. शेजारच्या ४७ गावांत नेहमीचीच सरकारी सेवा राहिली. तिसऱ्या वर्षी ३९ गावांत आकडा २५.५ वर आला. ४७ गावांत तो ५९.६ होता. ही ४७ गावं मोजली नसती, तर रस्ते झाले, पीकपाणी बरं झालं, म्हणून बाळं वाचली, असंही म्हणता आलं असतं. १९९९ मध्ये 'सर्च'चे डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा यावरचा निबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला.

एका जिल्ह्याच्या जोरावर देशाचं धोरण ठरवू नये, हे बरोबरच. महाराष्ट्रात सात ठिकाणी हे पुन्हा करून पाहिलं. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, पाच राज्यांत पाहिलं. २०११ मध्ये केंद्राच्या मार्गदर्शक सूचना निघाल्या: दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताईच्या सहा भेटी, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी झालं तर पहिल्या दिवशीची एक जास्त.

पण गडचिरोलीत जंतुसंसर्ग दिसला की आरोग्यदूत घरीच जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायची. देशभराच्या सूचनांत आशाताईने लक्षणं ओळखायची आणि बाळ दवाखान्यात पाठवायचं, एवढंच उरलं. २०१४ मध्ये इंजेक्शनची परवानगी मिळाली ती एएनएमला, म्हणजे उपकेंद्राच्या नर्सला, तीही ठरावीक परिस्थितीत. म्हणजे पूर्ण पॅकेजचा २५.५ हा आकडा या छाटलेल्या पॅकेजकडून मागता येत नाही. बैठकांत मात्र तोच मागितला जातो.

शिवाय तेव्हा बाळंतपणं बहुतेक घरीच व्हायची. आता आई दवाखान्यातून दुसऱ्याच दिवशी घरी आली, तर तिसऱ्या दिवसापर्यंत बाळाकडे कुणी बघत नाही. नवजात मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातले, हे लक्षात घेतलं की ही फट छोटी वाटत नाही.

(दृश्य: मनगटी घड्याळ, बाळाचं पोट)

भेटीचा फॉर्म भरलेला असतो. पर्यवेक्षकाने तो बाजूला ठेवून आशाताईला एवढंच सांगावं: शांत बाळाचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजून दाखवा. साठ किंवा जास्त आले, म्हणजे श्वास जलद वाटला, तर पुन्हा मोजा.