यॉर्कमध्ये भाड्याची गाडी: कधी घ्यावी आणि कुठे ठेवावी

नमस्कार. इंग्लंडच्या उत्तरेकडील यॉर्क शहर पाहायला येणारी अनेक मराठी कुटुंबे विमानतळावर उतरल्याबरोबर भाड्याची गाडी ताब्यात घेतात आणि थेट शहरातल्या हॉटेलकडे निघतात. माझे सांगणे याच्या नेमके उलट आहे. आधी यॉर्क पायी पाहून घ्यावे आणि ज्या सकाळी शहर सोडून यॉर्कशरच्या मोकळ्या मुलखात जायचे, त्याच सकाळी गाडी घ्यावी. मँचेस्टर विमानतळावरून यॉर्कला थेट रेल्वे मिळते, लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावरून सुमारे दोन तासांत पोहोचता येते आणि यॉर्कचे स्थानक जुन्या तटबंदीला लागूनच आहे. त्यामुळे पहिले दोन दिवस गाडीवाचून काहीही अडत नाही. शिवाय रात्रभर विमानात अवघडून बसलेल्या माणसाने अनोळखी मोटरवेवर गाडी हाकू नये, असे मला मनापासून वाटते.

इ. स. ७१च्या सुमारास रोमन सैन्याने येथे किल्ला बांधला आणि ८६६मध्ये व्हायकिंगांनी शहर जिंकले, त्यांच्या भाषेच्या खुणा आजही नकाशावर आहेत. स्टोनगेट, पीटरगेट, कॉपरगेट ही नावे वाचून आपल्याला दरवाजे आठवतात, परंतु त्या भाषेत ‘गाता’ म्हणजे रस्ता, आणि तोच शब्द येथे ‘गेट’ होऊन राहिला. खऱ्या वेशींना मात्र येथे ‘बार’ म्हणतात. बूथम बार, मंक बार, वॉल्मगेट बार आणि मिकलगेट बार या शहराच्या चार मुख्य वेशी. सुमारे साडेतीन किलोमीटर उरलेल्या तटबंदीवरून चालत निघालात, तर आतल्या गल्ल्या घोडागाडीच्या काळातल्या मापाच्या का आहेत, हे डोळ्यांनाच कळते. मिन्स्टर हे भव्य चर्च आणि शॅम्बल्स ही जुनी अरुंद गल्ली यांच्या आसपासचे अनेक रस्ते दिवसा फक्त पादचाऱ्यांसाठी असतात, तर कॉपरगेटसारख्या रस्त्यावर ठरावीक वेळांत खासगी गाड्यांना बंदी असून त्यावर कॅमेऱ्याची नजर असते. फोनमधला नकाशा तिकडे वळायला सांगतो म्हणून वळू नका. रस्त्यावरची पाटीच प्रमाण मानावी.

गाडी हाताशी असताना शहरात यावेच लागले, तर ती वेशीबाहेर ठेवण्याची उत्तम सोय आहे. तिला ‘पार्क अँड राइड’ म्हणतात. बाह्यवळण रस्त्याच्या आसपास अशी सहा ठिकाणे आहेत: अस्कम बार, ग्रिम्स्टन बार, रॉक्लिफ बार, पॉपलटन बार, मंक्स क्रॉस आणि डिझायनर आउटलेट हे खरेदी केंद्र. (यांतल्या नावांतले ‘बार’ म्हणजे वर सांगितलेल्या वेशी नव्हेत.) येथे गाडी ठेवण्याचे पैसे पडत नाहीत, फक्त बसचे भाडे द्यावे लागते. लीड्सकडून येत असाल तर अस्कम बार, हल किंवा समुद्राकडून येत असाल तर ग्रिम्स्टन बार सोयीचे पडते. परतीची शेवटची बस कितीची आहे, ते मात्र उतरतानाच थांब्यावर वाचून ठेवा.

आता परवान्याविषयी. भारतातून फिरायला आलेल्या व्यक्तीला आपल्या वैध भारतीय परवान्यावर ब्रिटनमध्ये १२ महिन्यांपर्यंत मोटार चालवता येते. तरीही गाडी देणारी कंपनी आंतरराष्ट्रीय परवाना मागू शकते, म्हणून आरक्षण करतानाच तिच्या अटी वाचाव्यात आणि गरज असल्यास तो निघण्यापूर्वी आरटीओकडून काढून घ्यावा. तो मूळ परवान्याच्या जोडीने दाखवायचा असतो, त्याच्याऐवजी नव्हे. जे शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी येथे राहायला आले आहेत, त्यांनी एक गोष्ट वेळीच ध्यानात घ्यावी. बारा महिने उलटल्यावर भारतीय परवाना चालत नाही आणि त्याची येथील परवान्याशी अदलाबदलही होत नाही. लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा पहिल्यापासून द्याव्या लागतात.

गाडी घेताना बहुतेक कंपन्या मुख्य चालकाच्या नावाचे क्रेडिट कार्ड मागतात आणि त्यावर अनामत रक्कम अडकवून ठेवतात. चालकाचे वय २५पेक्षा कमी असेल तर अनेकदा जादा आकार लागतो. गिअर हाताने टाकायचे नसतील तर ऑटोमॅटिक गाडी आधीच सांगून ठेवावी. विमा भाड्यात धरलेला असतो, हे खरे, पण नुकसान झाल्यास पहिली काही रक्कम आपल्याच खिशातून जाते. तिला ‘एक्सेस’ म्हणतात आणि ती एक हजार पौंडांच्या पुढेही असू शकते. खिडकीपाशी उभे राहून घाईघाईत जादा संरक्षण घेण्यापेक्षा, त्या रकमेपुरती वेगळी पॉलिसी आधीच घेणे बहुधा स्वस्त पडते. मी पहिल्यांदा गाडी घेतली तेव्हा चारही बाजूंचे फोटो काढले, पण चाकांच्या रिमचे काढले नाहीत, आणि परत देताना नेमक्या रिमवरच्या ओरखड्यावरून माझ्याकडे भरपाई मागण्यात आली. तो आधीचा होता हे सिद्ध करायला माझ्याकडे काही नव्हते. तेव्हापासून मी रिम, काच, छत आणि इंधनाचा काटा या सर्वांचे सलग व्हिडिओ चित्रण करतो.

येथेही आपल्यासारखीच डाव्या बाजूने वाहने चालतात, त्यामुळे हात लवकर बसतो. सवय बदलावी लागते ती इतर बाबतींत. वेगमर्यादा मैलांत असते: दिव्यांच्या खांबांच्या वस्तीत वेगळी पाटी नसेल तर ताशी ३०, साध्या दुपदरी रस्त्यावर ६० आणि मोटरवेवर ७० मैल, म्हणजे सुमारे ११२ किलोमीटर. गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे असते, आणि येथे ते खरोखरच पाळले जाते. जानेवारी २०२२मध्ये बदललेल्या नियमांनुसार, आपण वळत असलेल्या रस्त्याच्या तोंडाशी कोणी ओलांडण्यासाठी नुसते उभे असले तरी थांबून त्यांना वाट द्यावी. रस्त्याच्या कडेला दोन पिवळ्या रेघा दिसल्या की तिथे गाडी उभी करण्याचा विचारही करू नये. मुलाचे वय १२ वर्षे किंवा उंची १३५ सेंटिमीटर होईपर्यंत त्याच्यासाठी वेगळे आसन लागते, ते आरक्षणातच मागून घ्या.

आणि आता, ज्यासाठी गाडी घ्यायची तो मुलूख. व्हिट्बी या समुद्रकाठच्या गावाला यॉर्कहून थेट रेल्वे नाही. कोस्टलायनर नावाची बस आहे आणि ती उत्तम आहे, पण वाटेत हवे तिथे थांबायचे तर गाडीला पर्याय नाही. ए ६४ रस्त्याने माल्टनपर्यंत, तिथून पिकरिंग, आणि पुढे ए १६९ रस्ता ‘मूर्स’ म्हणजे उंचावरच्या उघड्या माळावर चढतो. ऑगस्टमध्ये हा माळ हेदर या झुडपाच्या फुलांनी जांभळा होतो. कासच्या पठारावर ज्यांनी फुले पाहिली आहेत त्यांना तो रंगाचा विस्तार ओळखीचा वाटेल. वाटेतच होल ऑफ हॉर्कम ही प्रचंड खोलगट दरी लागते. या माळावर बऱ्याच ठिकाणी कुंपण नाही आणि मेंढ्या रस्त्यावर येऊन बसतात, म्हणून ६० मैलांची मुभा असली तरी तो वेग गाठायची गरज नाही.

याच माळाकडे थर्स्क गावाकडून ए १७० रस्त्याने आलात तर सटन बँकचा घाट लागतो. चारास एक, म्हणजे चार मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, असा त्याचा चढ आहे आणि कॅराव्हॅनना, म्हणजे मोटारीमागे ओढायच्या घरगाड्यांना, तिथे बंदी आहे. वरंधा किंवा आंबेनळी उतरलेल्या माणसाला हा घाट लांबीने किरकोळ वाटेल, पण उतार खरोखर तीव्र आहे. आपल्याकडचाच नियम येथे लागू पडतो, ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, नुसत्या ब्रेकवर विसंबू नका.

गाडी परत देण्यापूर्वी टाकी भरावी लागते. पंपावर हिरव्या मुठीचे पेट्रोल आणि काळ्या मुठीचे डिझेल असते. तरी झाकणाच्या आतली चिठ्ठी वाचूनच नळी उचला. चावी देताना पुन्हा एकदा चित्रण करा आणि ते पुढचे काही महिने जपून ठेवा, कारण वेगाच्या किंवा पार्किंगच्या दंडाची सूचना आधी कंपनीकडे जाते आणि तिथून आपल्यापर्यंत पोहोचते, तोवर आपण पुण्याला किंवा नागपूरला घरी परतलेलो असतो.