माझा आवाज, मेरी आवाज़

(दृश्य: अंधेरी पश्चिम, सकाळचे साडेनऊ. इंडस्ट्रियल इस्टेटचा जिना. पहिल्या मजल्यावरचं जाड दार बंद होतं आणि रस्त्याचा गोंगाट एकदम तुटतो.)

मराठीत तो माझा आवाज. हिंदीत ती मेरी आवाज़. गळा एकच, पण भाषा ओलांडली की शब्दाचं लिंगच बदलतं. गेली पंधरा वर्षं मी या दोन भाषांमध्ये ये-जा करून पोट भरतेय.

तुम्ही आत्ता ऐकताय ते या फिल्मचं मराठी निवेदन. जेवण झालं की याच खोलीत, याच माइकवर हिंदी निवेदनही मीच करणार आहे. पैसे अर्थात दोन्हींचे वेगळे. तसं आधी लेखी ठरवून घेतलंय. हे ठरवून घ्यायला शिकण्यातच सात-आठ वर्षं गेली.

(दृश्य: हात. बांगड्या काढून पर्समध्ये ठेवतो. स्टँडवर कागद, एकाशेजारी एक पसरलेले. चाकूनं कापलेलं हिरवं सफरचंद.)

बांगड्या बाहेर. कपडे सुती, कारण सिंथेटिक ओढणी सळसळते आणि माइकला ती माझ्याआधी ऐकू जाते. कागद पसरून ठेवायचे, म्हणजे पान उलटावं लागत नाही. सफरचंद भुकेसाठी नाही. तोंडात चिकटपणा आला की प्रत्येक शब्दाआधी जिभेचा 'टक' असा बारीक आवाज येतो, आंबट सफरचंदानं तो जातो. उपाशीपोटी मात्र यायचं नाही. पोटातली गुरगुर रेकॉर्ड झाली, तर अख्खं वाक्य पुन्हा घ्यावं लागतं.

(दृश्य: जुने फोटो. अकोला रेल्वे स्टेशनची पाटी. शाळेचं गॅदरिंग.)

मी अकोल्याची. आमच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो. डोळे म्हणजे डोये, केळं म्हणजे केयं. आणि हिंदी तर काय, बाजारात रोजचीच. 'मेरेको', 'करके बोला', सगळं फर्राटेदार. आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषक म्हणून थोडं काम केलं, एकांकिकांत बक्षिसं मिळवली आणि आपल्याला दोन भाषा येतात अशी खात्री बाळगून मुंबईची गाडी पकडली.

मुंबईनं महिनाभरात सांगितलं, की तुला एकही येत नाही.

वर्सोव्याच्या आराम नगरात ऑडिशनला रांग लावायची. आधी नाव, उंची, मग डावी बाजू, उजवी बाजू. बऱ्याचदा दारातच 'नॉट फिट' म्हणून बोळवण. एकदा आत गेले, सीन दिला, समोरचा खूश झाला आणि म्हणाला, "अच्छा है, लेकिन मराठी लग रही हो." त्याच आठवड्यात एका मराठी मालिकेच्या ऑडिशनला ऐकलं, "अभिनय छान, भाषा जरा गावाकडची वाटते." एकाला मी जास्त मराठी होते, दुसऱ्याला कमी.

'मराठी लग रही हो' म्हणजे नेमकं काय, हे मला कुणी सांगितलं नाही. स्वतःच रेकॉर्ड करून, ऐकून शोधलं. आपण 'पैसा' म्हणतो तेव्हा त्यात 'पइसा' ऐकू येतं, 'और' म्हणतो तेव्हा 'अउर'. मराठीत ऐ आणि औ या दोन-दोन स्वरांच्या जोड्या आहेत, तोंड एका जागी सुरू होतं आणि दुसऱ्या जागी संपतं. दिल्ली-लखनौकडच्या हिंदीत तोंड एकदाच उघडतं, मध्ये वळत नाही. मराठी चमच्यातला च दाताला चिकटतो, हिंदी चम्मचमधला टाळूला. आपलं ज्ञान 'द्न्यान', त्यांचं 'ग्यान'. वर नामांची लिंगं! पुस्तक आपल्याकडे ते, तिकडे ती. आत्मा आपल्याकडे पुरुष, तिकडे बाई. लोकलमध्ये खिडकीशी बसून 'और, और, और' करत प्रवास केलाय मी. शेजारची बाई एकदा जागा सोडून उठून गेली.

(दृश्य: पुण्यातली जुनी स्टुडिओची इमारत, बाहेरून. काळी-पांढरी छायाचित्रं.)

ही कसरत काही आजची नाही. पुण्यात आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथे पूर्वी प्रभात फिल्म कंपनी होती. १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली, १९३३मध्ये पुण्यात आली. त्या कंपनीचा 'अयोध्येचा राजा' १९३२चा, मराठीतही आणि हिंदीतही. डबिंग नव्हे बरं का. तोच प्रसंग, तोच सेट, आधी एका भाषेत आणि मग दुसऱ्या भाषेत, पुन्हा पहिल्यापासून अभिनय. १९३७च्या 'कुंकू'त आणि त्याच्या हिंदी अवतारात, 'दुनिया न माने'त, शांता आपटे आणि केशवराव दाते दोन्हीकडे आहेत. म्हणजे चिडायचं दोनदा, रडायचं दोनदा, आणि दुसऱ्यांदा रडताना लिंग-वचन चुकू द्यायचं नाही. मी दिवसाला दोन भाषांतली वाक्यं बोलून दमते. तेव्हा मला शांताबाई आठवतात आणि गप्प बसते.

त्यातही मला सगळ्यात बोलका वाटतो तो १९४१चा 'शेजारी'. एक हिंदू, एक मुसलमान, दोन म्हातारे जिवलग शेजारी. मराठीत मिर्झा झालेले गजानन जागीरदार हिंदी 'पडोसी'तही मिर्झाच आहेत. त्यांचा हिंदू शेजारी मात्र बदलला. मराठीत केशवराव दाते, हिंदीत मज़हर ख़ान. हिंदीत व्ही. शांतारामांनी हिंदू नटाला मुसलमान आणि मुसलमान नटाला हिंदू केलं, हे सगळेच सांगतात. मी मात्र दोन्हीकडे उरलेल्या माणसाकडे बघते. जागीरदार भाषा बदलूनही त्याच घरात राहिले.

(दृश्य: डबिंग. काचेपलीकडे स्क्रीन, टाइमकोड पळतोय. हेडफोन, एक कान उघडा.)

डबिंग हे आवाजाचं काम आहे असं लोकांना वाटतं. खरं तर ते ओठांचं काम आहे. मूळ आवाज कानात चालू असतो, त्याला आम्ही पायलट म्हणतो. समोर नट बोलतोय. त्याचे ओठ मिटले की आपल्या वाक्यातही तिथे प, ब, म असं काहीतरी यायला हवं. नाहीतर बघणाऱ्याला कारण कळत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे कळतं.

शिवाय लांबी. हिंदीतलं 'है' एका श्वासात संपतं, आपलं 'आहे' दोन अक्षरं खातं. 'वो आ गया है' या जागेत 'तो आला आहे' बसवायला गेलं की शेपूट बाहेर राहतं. मग बोलण्यातली मराठी धावून येते, 'आलाय तो'. केलंय, गेलीय, बसलेत. शाळेत लाल पेनानं खोडलेले हे शब्द माझं भाडं भरतात.

एकदा दक्षिणेतला एक सिनेमा मराठीत करत होतो. खेड्यातली मुलगी अंगणात आईला हाक मारते, 'अम्मा'. क्लोजअप. ओठ ठसठशीत मिटतात. 'आई'त ओठ मिटतच नाहीत. 'मम्मी' त्या अंगणात शोभेना. डबिंग डायरेक्टर अडला, चहा मागवला गेला. मी म्हटलं, "'माय' घेऊन बघू का?" घेतलं. पहिल्या टेकला ओके. जी बोली मी धुऊन काढायला निघाले होते, तिच्यातलाच शब्द तिथे बसला.

(दृश्य: नाट्यगृहाची विंग. मेकअपचा आरसा.)

पडद्यावरच्या माणसाला आणि माइकमागच्या माणसाला दोन जाती मानायची एक खोड आहे. ती मला पटत नाही. स्मिता पाटील आधी मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचायच्या. श्रेयस तळपदेंचा २००५चा 'इक़बाल' बोलूच शकत नव्हता, आणि २०२१मध्ये 'पुष्पा'च्या हिंदी आवृत्तीत अल्लू अर्जुनचा आवाज तेच होते. शरद केळकर ग्वाल्हेरचे. 'बाहुबली'तला प्रभास हिंदीत त्यांच्या गळ्यातून बोलला, आणि लहानपणी आपण अडखळत बोलायचो हे त्यांनी स्वतःच सांगितलंय. आणि अमरावतीकडचे भारत गणेशपुरे तर वऱ्हाडी न धुताच घराघरांत पोचले. हे आधी कळलं असतं, तर लोकलमधली ती बाई उठून गेली नसती.

(दृश्य: जाहिरातीचा कागद, पेनानं केलेल्या खुणा.)

जाहिरातींबद्दल बोलू नये, कारण पगार तिथून येतो. पण मराठी कॉपी बहुतेक वेळा हिंदीवरून घाईत उतरवलेली असते. "केसांना द्या मजबुती." अकोल्यापासून सावंतवाडीपर्यंत कुठल्या घरात कुणी केसांना मजबुती देतं? मी हळूच म्हणते, "केस होतील बळकट असं चालेल का?" क्लायंट फोनवर असतो, त्याला मराठी येत नसतं, तो म्हणतो, जे मंजूर झालंय तेच बोला. मग बोलते. तीस सेकंदांत साठ-सत्तर शब्द, प्रत्येकावर हसू ठेवून.

आणि एक जुनं दुखणं. 'स्क्रॅच' म्हणजे कच्चा आवाज, नुसता अंदाज यावा म्हणून भरलेला. सुरुवातीला एका ठिकाणी स्क्रॅच करून आले, पैसेही स्क्रॅचचेच मिळाले. दोन महिन्यांनी आईचा फोन. "टीव्हीवर तुयाच आवाज हाये ना वं?" तोच होता. कच्चा म्हणून घेतलेला, पक्का म्हणून वाजत होता. माझ्याकडे कागद नव्हता.

आता तर कागदात आणखी एक ओळ लागते, या आवाजाची मशीनकडून नक्कल करणार नाही अशी. जुलै २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अरिजित सिंग यांच्या बाजूनं असा अंतरिम आदेश दिला. ते अरिजित सिंग. मी सही करण्याआधी चष्मा लावते.

(दृश्य: दुपारचे अडीच. तोच बूथ. निवेदन नाही, प्रत्यक्ष आवाज.)

रेकॉर्डिस्ट: दीदी, हिंदी. रोलिंग.

ती: मराठी में वो 'माझा आवाज' है. हिंदी में मेरी आवाज़. गला वही, और…

(काचेपलीकडे तो हात वर करतो.)

रेकॉर्डिस्ट: अउर.

ती: झालं का?

रेकॉर्डिस्ट: हल्का सा. खाने के बाद होता है आपका.

(ती हसते. सफरचंदाची उरलेली फोड उचलते.)

ती: चल, परत. 'गला वही'पासून.