थर्मोस्टॅट हाउसिंग: बोल्ट दोन, काम तोंडाचं

[दृश्य: उघडं बॉनेट. कॅमेरा रेडिएटरच्या वरच्या होजवरून सरकत इंजिनापाशी थांबतो.]

रेडिएटरचा वरचा जाड होज इंजिनाला जिथे जाऊन मिळतो, तिथे बहुतेक गाड्यांत मुठीएवढा एक तुकडा दोन-तीन बोल्टांवर बसवलेला असतो. हेच थर्मोस्टॅट हाउसिंग. काही इंजिनांत ते खालच्या होजच्या बाजूला असतं. तिथे मग हात घालायलाच जागा नसते.

जोडाच्या कडेकडे नीट पाहा. गुलाबीसर पांढरी खपली धरली आहे, पण ओल कुठेच नाही. इथेच फसायला होतं. गरम इंजिनावर झिरपलेलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी-रसायनाचं मिश्रण, ओघळायच्या आधीच सुकतं आणि मागे नुसता थर उरतो. म्हणून गळती शोधायची ती रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत, टॉर्च घेऊन. कूलंटच्या टाकीतली पातळी हळूहळू उतरत असेल आणि बॉनेट उघडल्यावर गोडसर वास येत असेल, तर आधी या जोडाकडे बघावं.

[दृश्य: पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगलेला थर्मोस्टॅट, शेजारी तापमापक.]

हाउसिंगच्या आत बसतो तो हा थर्मोस्टॅट. याला ना वायर, ना बॅटरी. पितळी डबीत खास मेण भरलेलं असतं. ते वितळताना फुगतं, दांडीला रेटतं, आणि स्प्रिंगच्या जोराविरुद्ध झडप उघडून कूलंटला रेडिएटरची वाट मोकळी होते. 1930च्या दशकात सर्जियस व्हर्नेट यांनी काढलेली ही युक्ती आजही चालू आहे. बघा, 80 अंशांना काहीच हालचाल नाही. 84, 85... आता कडेला केसाएवढी फट दिसते आहे. आणखी दहा-बारा अंश चढले की झडप पूर्ण उघडेल. उघडण्याचं तापमान बहुधा थर्मोस्टॅटवरच कोरलेलं असतं. एक काळजी घ्या: तो पातेल्याच्या तळाला टेकू देऊ नका, नाहीतर पाण्याऐवजी तळाचं तापमान लागेल.

झडप बंदच अडकली तर काटा लाल रेषेकडे धावतो आणि इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, वाकण्यापर्यंत गोष्ट जाते. उघडी अडकली तर हीटर कोमट, इंजिन थंड, पेट्रोल जास्त. ‘उन्हाळा कडक आहे, थर्मोस्टॅट काढूनच टाका’ हा सल्ला अजूनही मिळतो. तो ऐकू नये. थर्मोस्टॅट नसला की इंजिन नीट तापत नाही. आणि काही इंजिनांत बायपासची वाट उघडी राहून बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालतं, म्हणजे उलट ओव्हरहीटची भीती.

[दृश्य: दोन जुनी हाउसिंग, एक प्लास्टिकचं, एक अ‍ॅल्युमिनियमचं.]

प्लास्टिकचं हाउसिंग बहुधा काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचं असतं. तापणं-निवणं सोसून ते ठिसूळ होतं आणि होजच्या गळ्याशी तडकतं. तडा दिसला की डकवाडकवी न करता सरळ नवं घालावं. अ‍ॅल्युमिनियमला मात्र मारतं ते म्हातारं कूलंट. गंज रोखणारी रसायनं संपली की धातू खाल्ला जातो, होजखाली खड्डे पडतात. मग क्लॅम्प कितीही आवळा, पाणी झिरपणारच. तेव्हा या भागाची देखभाल म्हणजे मुख्यतः मुदतीत कूलंट बदलणं. पातळी भरायलाही नळाचं पाणी नको, डिस्टिल्ड घ्यावं.

[दृश्य: थंड इंजिन. रेडिएटरची टोपी सावकाश उघडली जाते.]

बदलायचं काम थंड इंजिनावरच. गरम असताना आतलं पाणी दाबाखाली, शंभर अंशांच्या वरही असू शकतं. टोपी उघडताच अंगावर येतं. कूलंट जोडाच्या खालपर्यंत उतरवून घ्या. होज चिकटला असेल तर पिळून सोडवा, स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका. बोल्ट जाम असतील तर गंज सोडवणारं तेल मारून थांबा, मग पाना थोडा पुढे, थोडा मागे. हेडमध्ये मोडलेला बोल्ट काढणं हे अख्खं वेगळं काम आहे.

आता खरी मेहनत. इंजिनाच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा आणि जुन्या गॅस्केटचा, म्हणजे जोडातल्या पातळ अस्तराचा, कण न् कण प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. इथे ग्राइंडर लावणारे असतात. त्याने अ‍ॅल्युमिनियमला खळगे पडतात आणि कचरा थेट इंजिनात जातो. बोट फिरवून पाहा. नखाला काही अडकलं, तर पुन्हा पट्टी हातात घ्या.

थर्मोस्टॅट बसवताना स्प्रिंग इंजिनाकडे. हवा सुटायची बारीक पिन असेल तर ती सहसा सगळ्यात वर. रबरी रिंग असलेल्या जोडाला वरून सिलिकॉन थापायची गरज नसते. जास्तीचं सिलिकॉन आत तुटून रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतं. बोल्ट आलटूनपालटून आवळा. 6 मिलिमीटरच्या बोल्टला बऱ्याच गाड्यांत 10 न्यूटन-मीटरच्या आसपास जोर सांगितलेला असतो, म्हणजे मनगटाचा, खांद्याचा नव्हे. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहून टॉर्क पाना लावावा.

[दृश्य: कूलंट ओतताना वर येणारे बुडबुडे.]

कूलंट सावकाश ओता, हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करा. मग इंजिन चालू करा. रेडिएटरचा वरचा होज गरम झाला, पंखा एकदा फिरून थांबला, की इंजिन बंद करून पूर्ण निवू द्या. पातळी बहुतेक वेळा थोडी उतरलेली सापडते, ती भरून घ्या. उतरवलेलं जुनं कूलंट झाकणबंद डब्यात भरून गॅरेजच्या टाकाऊ द्रवांबरोबर द्या. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, जमिनीवर सांडलेलं कुत्री-मांजरं चाटतात, आणि थोडंसं पोटात गेलं तरी त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात.