अंबाजोगाईत एक दिवस

श्रोतेहो, नमस्कार. योगेश्वरीच्या दर्शनाला अंबाजोगाईला आपल्यातले बरेच जण जाऊन आले असतील. कोकणातली कितीतरी घराणी कुलदेवतेसाठी एवढा लांबचा पल्ला गाठतात. माझं सांगणं एवढंच, ओटी भरून झाली की लगेच गाडीत बसू नका. एक अख्खा दिवस या गावाला द्या. हे कवींचं गाव आहे.

सकाळी, ऊन चढायच्या आत, मराठीचे आद्यकवी मुकुंदराज यांची समाधी गाठा. गावाबाहेर, बालाघाटाच्या कुशीत. त्यांचा ‘विवेकसिंधु’ हा वेदान्तावरचा ग्रंथ परंपरेने शके १११०चा, म्हणजे इसवी सन ११८८चा. ज्ञानेश्वरीच्याही शंभरएक वर्षं आधीचा! काळावरून अभ्यासकांत वाद आहेत. पण चार ओव्या तिथे बसून मोठ्याने म्हणा, मोठ्यानेच म्हणा. परतताना हत्तीखाना लेण्यांतले दगडी हत्ती मुलांना दाखवा.

आता दत्तभक्त संतकवी दासोपंत. यांची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. जन्म १५५१चा, नारायणपेठचा. वडील दिगंबरपंत देशपांडे, बीदरच्या बरीदशाहीत सारावसुलीचं काम त्यांच्याकडे. एके वर्षी वसूल थकला. बादशहाने कोवळ्या दासोपंतांना ओलीस ठेवून घेतलं आणि बजावलं, महिन्याभरात रक्कम आली नाही तर पोराला बाटवीन. पोराच्या खर्चाला रोज काही पैसे मिळत, ते तो दानधर्मात देऊन टाकी. घरी आईवडिलांचा जीव टांगणीला. दिवस सरत आले. शेवटचा दिवस उजाडला, तरी पैशाचा पत्ता नाही. मुलाने दत्ताचा धावा मांडला. आणि दरबारात कोण उभं राहिलं? खांद्यावर घोंगडी, हातात काठी, एक साधा पाडेवार, म्हणजे गावकामगार महार! म्हणाला, मी दत्ताजी पाडेवार, दिगंबरपंतांचा चाकर. थैली ओतली, पैन् पै मोजून दिली, पावती घेतली, आणि माणूस दिसेनासा झाला. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांसाठी विठू महार धावला, तसाच हा. आमच्या संतकथांमध्ये देव येतो तो गावकुसाबाहेरच्या माणसाच्या रूपात, हे मला फार मोलाचं वाटतं.

सुटलेला हा मुलगा पुढे अंबाजोगाईला स्थिरावला आणि लिहीत सुटला. रोज एका ढब्बू पैशाची शाई लागायची म्हणतात. कागदावर तर लिहिलंच, पण पंचमहाभूतांचा विचार सांगणारं ‘पंचीकरण’ लिहिलं चक्क कापडावर. तीच ती पासोडी, म्हणजे जाड चादर. सुमारे ४० फूट लांब, ४ फूट रुंद. ४० फूट, श्रोतेहो! जाड्याभरड्या खादीवर ओवीला ओवी लागून, ओळीमागून ओळ. शाळांमधून टाक-दौत गेली, सुलेखनाचा तासही गेला, हे काही बरं झालं नाही. मुलांना निदान ही अक्षरं दाखवा.

दासोपंतांची समाधी नृसिंहतीर्थावर आहे, तिथे संध्याकाळी जा. आणि पासोडी पाहायची असेल तर दासोपंतांच्या वंशजांकडे आधी विचारून ठेवा. चारशे वर्षांचं कापड ते, उठसूट उलगडायची वस्तू नव्हे. नमस्कार.